मोकळ्यावरचा मोठा ग्रुप फोटो: सव्वाशे माणसं आणि प्रत्येकाचा चेहरा

ग्रुप फोटो हातात आला की माणूस सगळ्यात आधी स्वतःला शोधतो. मग शेजारचा मित्र, मग सर, मग बाकीचे. ज्याचा चेहरा पुढच्याच्या फेट्याआड गेला, त्याच्या दृष्टीनं तो फोटो तिथंच संपला. मागची इमारत किती देखणी आली आणि आकाश किती निळं आलं, याचं त्याला काही नसतं. म्हणून मोठ्या ग्रुप फोटोची कसोटी मी एकच मानतो: प्रत्येकाचा चेहरा पूर्ण दिसावा, डोळे उघडे असावेत आणि चेहरा ओळखू येईल एवढा मोठा असावा. जागा, उजेड, लेन्स, रांगा, शिडी हे सगळं या एका गोष्टीसाठी.

कोल्हापुरात असे फोटो वर्षभर लागतात. दहावीच्या जुन्या बॅचचा स्नेहमेळावा, तालमीचा वर्धापनदिन, तरुण मंडळाचे कार्यकर्ते, दूध संस्थेची वार्षिक सभा, जोतिबाला निघालेली सगळी भावकी. खाली मी १२० माणसांची शाळेची बॅच आणि शाळेचंच मैदान धरून चाललोय. तुमची माणसं ४० असतील किंवा ३००, आकडे बदलतील, पद्धत तीच राहील.

आधी उजेड, मग जागा

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, ज्या वेळेला फोटो काढायचा त्याच वेळेला जागेवर जाऊन उभं राहा. सकाळी बघून आलेली जागा संध्याकाळी पूर्ण वेगळी असते. मोबाइलमधलं होकायंत्र उघडा आणि सूर्य कुठून कुठं जाणार ते बघून घ्या.

सगळ्यात भरवशाचा उजेड म्हणजे इमारतीची मोठी, सलग सावली. सकाळी ती इमारतीच्या पश्चिमेला पडते आणि दुपारनंतर पूर्वेला. माणसं भिंतीकडं पाठ करून त्या सावलीत उभी करायची. समोरच्या मोकळ्या मैदानावर ऊन असेल तर उत्तमच, कारण तिथून परतलेला उजेड सगळ्यांच्या चेहऱ्यावर मऊ पडतो. अट एकच: पहिल्या माणसापासून शेवटच्या माणसापर्यंत सगळे सावलीत हवेत. अर्धी रांग उन्हात आणि अर्धी सावलीत असली की कुठलाच कॅमेरा ते सांभाळू शकत नाही. सावलीची कड कुठवर आहे ते बघा आणि अर्ध्या तासात ती किती सरकेल याचाही अंदाज घ्या. माणसं जमायला उशीर होणार हे धरूनच चालायचं.

झाडाखालची सावली मात्र फसवी. वड-पिंपळाखाली गार वाटतं, पण पानांमधून पडलेले उन्हाचे कवडसे कुणाच्या कपाळावर, कुणाच्या नाकावर बसतात आणि हिरव्या पानांचा रंग गालांवर उतरतो. मांडवाचंही तसंच. लाल-पिवळ्या कापडातून गाळून आलेला उजेड सगळ्यांना कावीळ झाल्यासारखं दाखवतो, आणि हा रंग नंतर कॉम्प्युटरवर काढणं फार त्रासाचं, कारण एका बाजूची माणसं लाल आणि दुसऱ्या बाजूची पिवळी निघतात. कार्यक्रम मांडवात होऊ दे, फोटोला सगळ्यांना बाहेर काढा.

सावली नसेलच तर सूर्य माणसांच्या पाठीमागं, थोडा एका खांद्यावरून येईल असं उभं करा. सूर्याकडं तोंड करून उभं केलं तर सगळेच डोळे बारीक करतात आणि कपाळाला आठ्या पडतात. सूर्य मागं असताना कॅमेरा स्वतःहून चेहरे काळे ठेवतो; म्हणून उजेडाची मोजणी चेहऱ्यावर करायची, आणि मागचं आकाश थोडं पांढरं झालं तर होऊ द्यायचं. लेन्सवर थेट ऊन येत असेल तर लेन्सचं हूड लावा, नाहीतर सोबत्याला वहीनं लेन्सवर सावली धरायला सांगा.

वेळेबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरची. कोल्हापूर त्याच्या बरंच पश्चिमेला, ७४ अंशांच्या थोडं पुढं. त्यामुळं आपल्याकडं सूर्य डोक्यावर येतो तो १२ ला नाही, साडेबाराच्या आसपास. मेच्या पहिल्या आठवड्यात तर तो दुपारी अगदी माथ्यावर असतो आणि सरळ उभ्या खांबाची सावली पायाशी नाहीशी होते. अशा वेळी डोळ्यांच्या खोबणीत काळोख आणि नाकाखाली काळी पट्टी पडते. थंडीत सकाळी ८ ते साडेनऊ आणि संध्याकाळी साडेचार ते साडेपाच या वेळा धरा. मे महिन्यात संध्याकाळची वेळ पावणेसहा ते साडेसहा. ऑगस्ट-सप्टेंबरातल्या ढगाळ दिवसाला मात्र कसली अडचण नाही. तेव्हा सगळं आभाळच एक मोठा मऊ दिवा असतो, कुठंही, कधीही उभं करा. फक्त सर येईल हे धरून कॅमेऱ्याला पिशवी आणि माणसांना जवळचा आडोसा बघून ठेवा.

गावातल्या जागांबद्दल थोडं

बाहेरगावाहून आलेल्या बॅचला मागं कोल्हापूर दिसायला हवं असतं, आणि ती मागणी मला रास्त वाटते. पण प्रत्येक जागेचं आपलं एक म्हणणं आहे.

रंकाळ्याच्या चौपाटीवर संध्याकाळी पाण्याकडं पाठ केली की सूर्य बरोबर माणसांच्या मागं येतो. सूर्य बुडतानाचा रंग हवा असेल तर चेहरे काळे पडणारच. चेहरे हवे असतील तर सूर्य ढगाआड जायची वाट बघा, नाहीतर सरळ सकाळी लवकर जा. पंचगंगेच्या घाटावर पायऱ्या आयत्या मिळतात, रांगांसाठी याहून चांगली सोय नाही. पावसाळ्यात मात्र तिथं पाणी चढतं, आणि एरवीही खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. वयस्कर माणसांना वरच्याच टप्प्यावर ठेवा. खासबाग मैदान राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीसाठी बांधून घेतलं, १९१२ मध्ये ते उभं राहिलं. तालमीच्या पोरांचा फोटो तिथं व्हावा असं कुणालाही वाटेल, आणि चढत जाणारी बैठक रांगांच्या कामाचीच आहे. परवानगी आधी काढा.

न्यू पॅलेससारखी काळ्या दगडाची इमारत मागं असेल तर कॅमेऱ्याची मोजणी फसते. एवढा काळा भाग बघून तो उजेड वाढवतो आणि पुढचे पांढरे शर्ट, टोप्या, चेहरे जळून जातात. तिथं सगळं मॅन्युअलवरच, म्हणजे उजेडाचे आकडे स्वतः ठरवून. पन्हाळ्यावर वारा फार. फेट्याचे शेमले आणि साड्यांचे पदर चेहऱ्यावर येतात, म्हणून तिथं एखाद्या भिंतीचा आडोसा शोधा. पन्हाळा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे आणि २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतही गेला. अशा संरक्षित वास्तूत ट्रायपॉड लावायला परवानगी लागते; खिद्रापूरच्या कोपेश्वरालाही तेच. जोतिबाला चैत्रात गेलात तर गुलाल कॅमेऱ्याच्या सांध्यासांध्यांत शिरतो. लेन्स बदलू नका, बदललीत तर सेन्सरवर गुलाल बसलाच म्हणून समजा. पारदर्शक पिशवी गुंडाळा, आणि काचेवरचा गुलाल आधी फुंकणीनं उडवा, कापडानं पुसू नका.

ड्रोनचा विचार असेल तर उजळाईवाडीचा विमानतळ जवळ आहे हे विसरू नका. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळाच्या नकाशावर आपली जागा कुठल्या रंगात येते ते बघितल्याशिवाय उडवायचा नाही.

जागेचं माप: किती लांब, किती मागं

खांद्याला खांदा लावून उभ्या माणसाला साधारण दीड फूट लागतो. जरा तिरकं उभं केलं तर त्याहून कमी. म्हणजे एका रांगेत २७ माणसं म्हटली की ४० फूट, आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन फूट मोकळे सोडले की ४६.

आता एक सोपा हिशोब. फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ३५ मिमीची लेन्स असेल तर जेवढी रुंदी फोटोत हवी, जवळपास तेवढंच मागं जायचं. ४६ फूट रुंदीला साधारण ४५ फूट मागं. ५० मिमी लावली तर ६४ फूट. क्रॉप, म्हणजे त्याहून लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर सोबत आलेली किट लेन्स २४ मिमीवर ठेवली की तोच पहिला हिशोब लागू होतो. मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याला ३३-३४ फूट पुरतात. ही जागा समोर मोकळी आहे का, मध्ये झेंड्याचा खांब, कुंड्या, गाड्या आहेत का, ते आदल्या दिवशीच पावलांनी मोजून बघा.

जागा कमी पडते म्हणून १६ किंवा २० मिमीची वाइड लेन्स लावायचा मोह होतो. मोबाइलवर तोच मोह ०.५ च्या बटणाचा. तो टाळा. वाइड लेन्स कडेची माणसं आडवी ताणते. मधले सर सडपातळ आणि कडेच्या वहिनी दीडपट रुंद, असा फोटो कुणालाच आवडत नाही, आणि कडेला उभं राहणं हा काही त्यांचा गुन्हा नव्हे. त्यापेक्षा रांगा वाढवा.

रांगा वाढवण्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. २४ मेगापिक्सेलच्या फोटोची रुंदी ६००० पिक्सेल. त्यात ४६ फूट बसवले की एका फुटाला १३० पिक्सेल येतात, आणि अर्ध्या फुटाच्या चेहऱ्याला ६५. हाच फोटो १२ बाय १८ इंचांवर छापला की चेहरा जेमतेम ५ मिलिमीटर रुंद. तीच १२० माणसं २०-२० च्या सहा रांगांत बसवली तर रुंदी ३६ फुटांवर येते आणि चेहरा सव्वासहा मिलिमीटरचा होतो. आकड्यात फरक छोटा, पण भिंतीवर लावलेल्या फोटोत आजी नातवाला ओळखते की नाही, ते याच फरकावर ठरतं. सहावी रांग बसवण्याएवढी उंची असेल तर बसवाच.

रांगा

मागच्या माणसाचा पूर्ण चेहरा दिसायला त्याचं डोकं पुढच्यापेक्षा १० ते १२ इंच वर हवं. माणसं एकामागं एक न ठेवता पुढच्या दोघांच्या खांद्यांमधल्या फटीत ठेवली तर निम्म्या उंचीत भागतं. हे फटीचं तंत्र प्रत्येक रांगेला लावा.

शाळेच्या व्हरांड्याला चार-पाच पायऱ्या असतात. त्यांच्या आधारानं १२० माणसं मी अशी बसवतो. सगळ्यात पुढं सतरंजीवर २० जण, मांडी घालून. त्यांच्या मागं २० खुर्च्या, मधोमध सर आणि बाई. खुर्च्यांच्या मागं जमिनीवर २६ जण उभे. मग दुसऱ्या पायरीवर २७ आणि चौथ्या पायरीवर २७. पायरी साधारण सहा इंचांची असते, म्हणून एक सोडून एक. सलग पायऱ्यांवर उभं केलं तर गर्दी होते आणि चेहरे निम्मेच दिसतात.

खुर्च्या हाताच्या नकोत. मांडववाल्याकडून येणारी हातांची प्लॅस्टिक खुर्ची उभ्या माणसापेक्षा बरीच जास्त जागा खाते, आणि खुर्च्यांचीच रांग सगळ्यात लांब होऊन बसते. बिनहाताच्या मिळाल्या नाहीत तर संख्या कमी करा आणि खुर्च्यांच्या दोन्ही टोकांना गुडघ्यावर बसणारी तरणी माणसं ठेवा.

पायऱ्या नसतील तर बाक. बाकावर माणसं चढवण्याआधी स्वतः चढून बघा, पाय कुठं रुततात का, फळी हलते का. मऊ मातीत बाकाच्या पायाखाली फरशीचे तुकडे सरकवा. बाकाच्या टोकाला कुणाला उभं करू नका, एका टोकाला भार आला की तो उलटतो. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर कुणी कधीही उभं राहायचं नाही, कितीही घाई असली तरी. पडून हात मोडलेल्या माणसाच्या आठवणीत फोटो कसा आला हे नसतं.

फेट्यांचा प्रश्न खास आपला. स्वागताला सगळ्यांना कोल्हापुरी फेटे बांधले जातात, आणि तो तुरा डोक्याच्या वर सहज अर्धा फूट उभा राहतो. पुढच्या रांगेतला एक तुरा मागच्या रांगेतला एक चेहरा खातो. सगळ्यांनाच फेटे असतील तर रांगांमधली उंची वाढवावी लागते. काहींनाच असतील तर फेटेवाले शेवटच्या रांगेत. खुर्चीवरच्या पाहुण्यांना फेटे असणारच, त्यांच्या मागच्या रांगेत उंच माणसं निवडा, आणि तुरा चेहऱ्यावर येतोय असं दिसलं तर सरळ सांगा, “दादा, तुरा जरा डावीकडं घ्या की, मागं सुनीलचा चेहरा जातोय.” नाव घेऊन सांगितलं की कुणी रागवत नाही.

रांगेला किंचित कमान द्या, टोकाची माणसं एक पाऊल पुढं. त्यामुळं सगळ्यांची तोंडं कॅमेऱ्याकडं वळतात. पण खोल अर्धवर्तुळ करू नका, टोकाची माणसं कॅमेऱ्याजवळ येऊन उगाच मोठी दिसतात.

व्हीलचेअर असेल तर तिला खुर्च्यांच्या रांगेतच जागा ठेवा, शेवटी कुठंतरी कडेला सरकवू नका. तिच्या शेजारी वर्गमित्र असू द्या. लहान मुलं मांडीवर किंवा सतरंजीवर, आईच्या नजरेसमोर.

कॅमेरा किती उंच

शिडीवर चढलं की मागच्या रांगा आपोआप दिसतील, असा समज आहे. थोडाच खरा. रांगांमध्ये अडीच फूट अंतर आणि कॅमेरा ४५ फुटांवर असेल, तर घडवंचीवर चढून कॅमेरा साडेदहा फुटांवर नेला तरी प्रत्येक रांगेमागं जेमतेम पावणेचार इंच जादा उंची मिळते. पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून, म्हणजे साधारण १६ फुटांवरून, सात इंच. म्हणून शिडी ही रांगांच्या उंचीला मदत आहे, तिची जागा घेऊ शकत नाही. पण सात इंच आणि खांद्यांमधली फट एकत्र आली की पायऱ्याही लागत नाहीत, सपाट मैदानावर भागतं. समोर गॅलरी असलेली शाळा मिळाली तर नशीबच.

३०० च्या वर माणसं असतील तर मी रांगांच्या भानगडीत पडत नाही. दुसऱ्या मजल्यावरून, खाली मैदानात सगळ्यांना जवळजवळ उभं करून वर बघायला सांगायचं. एवढ्या उंचीवरून प्रत्येक रांगेला सव्वा-दीड फूट मिळतो आणि सगळे चेहरे मोकळे होतात. हे मात्र ढगाळ हवेत किंवा सावलीतच, नाहीतर सगळ्यांच्या डोळ्यांत ऊन.

पायऱ्यांवरच्या ग्रुपला खालून, उभ्यानं फोटो काढला तर पुढचे गुडघे मोठे आणि मागच्यांच्या हनुवट्या दिसतात. निदान एक टेबल तरी पायाखाली घ्या.

कॅमेऱ्याची मांडणी

ट्रायपॉड लावाच, उजेड भरपूर असला तरी. का, ते पुढं येईल.

मॅन्युअल मोड. ॲपर्चर (लेन्सचं उघडं तोंड) एफ/८, शटर १/२५० सेकंद. मोकळ्या सावलीत एवढ्याला आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील, तो आकडा) ४०० च्या आसपास लागतो, लख्ख उन्हात १०० पुरतो. उजेडाचा रंग ऑटोवर न ठेवता ‘शेड’ किंवा ‘क्लाउडी’वर पक्का करा, म्हणजे सगळे फोटो एकाच रंगाचे येतील. फाइल रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यानं संस्कार न केलेल्या मूळ रूपात. एक चाचणी फोटो काढून पांढऱ्या शर्टांवर, बाईंच्या पांढऱ्या साडीवर उजेड जळत नाही ना ते बघा, जळत असेल तर शटरचा वेग वाढवा.

सगळ्या रांगा फोकसमध्ये येतील का, याची काळजी लोक फार करतात. ३५ मिमी, एफ/८ आणि ४५ फूट अंतर असताना १२-१३ फुटांपासून थेट क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. मोठ्या ग्रुपमध्ये चेहरे पुसट आले तर कारण बहुतेक वेळा हललेला कॅमेरा किंवा हललेली माणसं हेच असतं. गोष्ट उलटी आहे ती छोट्या ग्रुपची: दहा माणसं, ८५ मिमी, एफ/२.८ आणि २० फूट अंतर. तिथं स्पष्टतेची पट्टी तीन फुटांचीसुद्धा नसते आणि दुसरी रांग पुसट होते. म्हणून दुसऱ्या किंवा तिसऱ्या रांगेतल्या मधल्या चेहऱ्यावर एक बिंदू ठेवून फोकस घ्या, लेन्स मॅन्युअल फोकसवर टाका आणि मग रिंगला हात लावू नका. चेहरा ओळखणारा फोकस १२० चेहऱ्यांत भरकटतो.

फ्लॅशवर भरवसा ठेवू नका. कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश ४५ फुटांवर पोचता पोचता संपतो. पुढची रांग किंचित उजळते आणि मागची तशीच राहते. दोन मोठे स्टुडिओ दिवे आणि माणसं असतील तर गोष्ट वेगळी. नसतील तर सावलीच चांगली.

मोबाइलवर काढणार असाल तर मुख्य कॅमेरा, जास्तीत जास्त मेगापिक्सेलचा पर्याय, चेहऱ्यावर बोट दाबून फोकस आणि उजेड पक्का, आणि तीन सेकंदांचा टायमर. ट्रायपॉडला मोबाइल धरणारी क्लिप शंभर-दोनशे रुपयांत मिळते.

माणसं उभी करणं

फोटो जेवणाआधी. तांबडा-पांढरा झाला की माणसं पांगतात, काही गाडीपर्यंत पोचलेली असतात, आणि ज्यांना पकडून आणता त्यांच्या चेहऱ्यावर झोप असते. कार्यक्रमपत्रिकेत फोटोची वेळ छापून घ्या आणि निवेदकाला माइकवरून दोनदा सांगायला लावा.

तुमच्याकडं माणसांचा संयम दहा मिनिटांचा असतो. म्हणून सतरंजी, खुर्च्या, रांगांच्या खुणा आधीच तयार हव्यात. चुन्याच्या फक्कीनं जमिनीवर रेघ मारून ठेवली तर फारच बरं. दोन मदतनीस घ्या, एक डावीकडं, एक उजवीकडं, शक्यतो त्याच बॅचचे. त्यांना सगळ्यांची नावं माहीत असतात, आणि “ए बंड्या, जरा अलीकडं सर की रं” हे वर्गमित्रच म्हणू शकतो.

भरायचं मागून पुढं. आधी सगळ्यात वरची पायरी, मग खालची, मग जमिनीवरचे, मग सतरंजीवरचे, आणि सर-बाई सगळ्यात शेवटी. ७५ वर्षांच्या शिक्षकांना पहिल्यांदा बसवून पंधरा मिनिटं ताटकळत ठेवायचं नाही. ते आले की सगळे आपोआप गप्प होतात, सावरून उभे राहतात, आणि फोटोची खरी वेळ तीच असते.

सगळे जागेवर आले की कॅमेऱ्याशेजारी हात वर करून विचारा, “ज्याला माझा कॅमेरा दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही त्यानं हात वर करा.” ज्यांचे हात वर येतील त्यांना सरकवा. मग तुम्ही स्वतः रांगेरांगेनं, डावीकडून उजवीकडं, प्रत्येक चेहऱ्यावरून नजर फिरवा. कॅमेऱ्यातून मोठं करून बघा. याला मिनिट-दीड मिनिट लागतो आणि तो कितीही वाटलं तरी वाचवायचा नाही. याच वेळी गॉगल उतरवायला सांगा, हातातल्या बाटल्या-पर्स खाली ठेवायला सांगा, सतरंजीवरच्यांच्या चपला चौकटीबाहेर आहेत का बघा.

तुमच्या आजूबाजूला मोबाइल घेऊन आठ-दहा जण उभे राहतील: कुणाचा नवरा, कुणाची मुलगी. त्यांना हाकलू नका, पण आधी सांगा की दोन मिनिटं माझी, मग तुमची. नाहीतर १२० माणसं दहा दिशांना बघतात.

प्रत्यक्ष फोटो

ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ संस्थेच्या निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स यांनी पापण्या मिटण्याचं गणित मांडलं होतं. त्यासाठी त्यांना २००६ चं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं. २० पेक्षा कमी माणसं असतील तर चांगल्या उजेडात माणसांच्या संख्येला ३ नं भागायचं आणि कमी उजेडात २ नं, तेवढे फोटो काढले की एकात तरी सगळ्यांचे डोळे उघडे मिळण्याची जवळपास खात्री. पण त्यांचंच गणित सांगतं की ५० माणसांच्या पुढं एकाच फोटोत सगळ्यांचे डोळे उघडे मिळायची आशा सोडावी.

१२० माणसांत कुणीतरी डोळे मिटणारच, म्हणून ट्रायपॉड. कॅमेरा जागचा हलला नाही तर एका फोटोतला मिटलेल्या डोळ्यांचा चेहरा दुसऱ्या फोटोतल्या त्याच माणसाच्या चेहऱ्यानं बदलता येतो. तीन-तीन फोटोंचे पाच-सहा झटके काढा, मध्ये थोडं थांबा. रिमोट नसेल तर दोन सेकंदांचा टायमर लावा. कॅमेरा हातानं हलला की सगळी मेहनत वाया.

सगळ्यांना डोळे मिटायला सांगा, मग “एक, दोन, तीन” म्हणून उघडायला. ‘तीन’ला बटण दाबू नका. अर्धा सेकंद जाऊ द्या, मग दाबा. हसवायचं असेल तर ‘चीज’ म्हणायला लावण्यापेक्षा सरांना शेवटच्या बाकावरच्या एखाद्या जुन्या पोराचं नाव घ्यायला सांगा. जो हशा पिकतो त्यात चाळीस वर्षांपूर्वीचे चेहरे दिसतात. तो फोटो औपचारिक फोटो झाल्यावर, सगळ्यात शेवटी काढा, कारण त्यानंतर रांगा पुन्हा जुळत नाहीत.

माणसं हलायच्या आधी आणखी एक काम. मदतनीसाला मोबाइलवर व्हिडिओ चालू करून प्रत्येक रांगेसमोरून डावीकडून उजवीकडं चालायला सांगा. प्रत्येकानं आपलं नाव मोठ्यानं सांगायचं, हवं तर गावही. या दोन मिनिटांच्या व्हिडिओवरून फोटोखाली रांगेवार नावं लिहिता येतात. वीस वर्षांनी हा फोटो कुणाच्या हाती पडला तर “उभे डावीकडून चौथे कोण” हे विचारायला कदाचित कुणी उरलेलं नसेल.

नंतरचं काम

घरी पोचल्यावर आधी फाइल दोन ठिकाणी ठेवा, कार्ड लगेच पुसू नका. मग सगळ्यात चांगला एक फोटो निवडा आणि १०० टक्के मोठा करून एकेक रांग तपासा. मिटलेले डोळे, वळलेली मान, अर्धवट तोंड दिसलं की त्या माणसाचा चांगला चेहरा शेजारच्या फोटोतून घ्या. चेहरा त्याच माणसाचा, त्याच मिनिटाचा. यात काही खोटं नाही. पण त्वचा गुळगुळीत करणं, रंग उजळ करणं असलं काही करू नका.

व्हॉट्सॲपवर साधा फोटो टाकला की तो साधारण १६०० पिक्सेल रुंदीवर येतो. आपल्या ४६ फुटांच्या फोटोत मग एका चेहऱ्याला १७-१८ पिक्सेल उरतात आणि सगळे एकसारखे दिसायला लागतात. बॅचच्या ग्रुपवर तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, किंवा ड्राइव्हची लिंक द्या. सोबत प्रत्येक रांगेचं वेगळं कापलेलं चित्रही टाका. मोबाइलवर बघणाऱ्यांना तेच जास्त आवडतं.

प्रिंटसाठी १२ बाय १८ हा कमीत कमी आकार धरा, आणि शाळेच्या भिंतीवर लावायला एक २० बाय ३०. ६००० पिक्सेलचा फोटो २० बाय ३० ला २०० डीपीआय, म्हणजे इंचाला २०० ठिपके देतो, तेवढं पुरतं, आणि चेहरा आठ मिलिमीटरच्या पुढं जातो. मॅट कागद घ्या. चकचकीत कागदावर काच बसली की खिडकीचं प्रतिबिंब चेहऱ्यांवर येतं. खाली पांढरी पट्टी सोडून त्यावर शाळेचं नाव, बॅच, तारीख आणि रांगेवार नावं छापा. नावं छापायच्या आधी ती यादी बॅचमधल्या दोघांकडून वाचून घ्या, लग्नानंतर नाव बदललेल्या मैत्रिणींना त्यांचं कोणतं नाव हवंय ते त्यांनाच विचारा, आणि मगच लॅबला फाइल द्या.